तिघांचाही नंबर एक

दिवाळीची चार दिवसांची सुटी संपली. सोमवारी सकाळी मी कपाट उघडलं, आतली तिन्ही यंत्रं एकेक करून टेबलावर आणली आणि एका तारेत जोडली. मग त्यांची बटणं दाबली. तिन्ही छोटे हिरवे पडदे उजळले आणि तिन्हींवर एकच ओळ उमटली. स्टेशन नंबर एक.

मी आधी तार तपासली. मग यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. सुटीला जाण्याआधी मी स्वतःच्या हाताने त्यांना एक, दोन, तीन असे नंबर दिले होते. चार दिवस कपाटात बसून तिघंही आपापला नंबर विसरले होते आणि जन्माला आले तेव्हा जो होता, तोच सांगत होते.

१९८७ सालची ही गोष्ट. नाशिकच्या अंबड वसाहतीत आमची पंचवीस माणसांची कंपनी होती. आधी व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायची. मालक ओझरकर यांनी हिंमत करून कॉम्प्युटर बनवायला घेतला, तोही उचलून नेता येईल असा. त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं 'सोबती'. शिलाई मशीनच्या पेटीएवढा, अकरा किलोचा, वर मूठ. उचलून नेता यायचा हे खरं, पण दोनशे पावलांत खांदा भरून यायचा.

जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला तो हवा होता. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात उपकेंद्रांवरच्या सिस्टर त्यात बाळांच्या लसींची नोंद करणार, आठवड्यातून एकदा ती यंत्रं जीपमधून तालुक्याला येणार, तिथे सगळी एका तारेवर जोडायची आणि प्रत्येकाने आपली माहिती मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ओतायची. हे जोडणं कसं व्हायचं, यंत्राच्या पोटात त्यासाठी काय बसवायचं आणि कुठला प्रोग्रॅम चालवायचा, याचा सगळा आराखडा माझा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून इंजिनीअर होऊन आले होते आणि स्वतःवर फार खूश होते.

खात्री करायची म्हणून मी एका यंत्रावर टाइप केलं, हिरा, दुसरा डोस. दुसऱ्यावर टाइप केलं, काशिनाथ, पहिला डोस. दोन्ही पाठवले. मोठ्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर तिथे एकटा काशिनाथ होता. दोघं एकाच नंबरने आले, म्हणून हिराच्या जागेवर काशिनाथ लिहिला गेला होता. कुठे तक्रार नाही, कुठे सूचना नाही. हिरा नावाची मुलगी जणू जन्मलीच नव्हती.

कारण शोधायला अर्धा तासही लागला नाही. नंबर ज्या मेमरीत राहायचा ती एका लहानशा बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी उतरली, नंबर गेला. माझ्या टेबलावर यंत्रं कायम विजेला जोडलेली असायची, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. डोंगरात चार चार दिवस वीज नसते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार केला नव्हता.

बुधवारी पेठला चाचणी होती. ती पार पडली तर चाळीस यंत्रांची मागणी येणार होती. नाही पडली तर पुन्हा स्टॅबिलायझर, असं ओझरकर साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात ते स्वतःच दारात आले आणि सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे.

ते गेल्यावर मी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि यंत्रांना पुन्हा नंबर दिले. एक, दोन, तीन. बुधवारपर्यंत ते नक्की टिकले असते. चाचणी सुरळीत झाली असती, मागणी आली असती आणि पुढे काय ते पुढे पाहिलं असतं. यात अडचण एकच होती. बॅटरी उतरली की काय होतं, हे आमच्या कंपनीत आणखी एका माणसाला ठाऊक होतं.

तो माणूस म्हणजे फिरोज तांबोळी. यंत्राच्या आतलं सगळं हार्डवेअर त्यांच्या हातचं. वय चौतीस, शिक्षण डिप्लोमाचं, आणि त्याआधी दहा वर्षं वडिलांच्या दुकानात रेडिओ दुरुस्ती. जूनच्या बैठकीत त्यांनी मांडलं होतं की, प्रत्येक बोर्डावर आठ बारीक खटके बसवू. ते वरखाली करून यंत्राचा नंबर ठरवायचा, म्हणजे वीज असो नसो, नंबर तिथेच राहील. मला ते जुनाट वाटलं. नंबर प्रोग्रॅममध्ये ठेवला की जागा वाचते, काम नीटस होतं, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, बॅटरी उतरली तर? तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा रेडिओ नाही फिरोजभाई, खटके फिरवत बसायला."

लोक हसले. फिरोजभाई पण हसल्यासारखं करून खाली बसले. खटके रद्द झाले आणि त्यांच्याशिवायच बोर्ड बनून आले.

त्या सोमवारी ते रजेवर होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी मी ओझरकरांना बाहेर काम आहे असं सांगून निघाले. सिटी बसने शालिमारला उतरले आणि विचारत विचारत चौक मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर शोधून काढलं. दिवाळीनंतर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून माझ्या डब्यातला चिवडा तसाच पिशवीत घेतला होता.

दार फिरोजभाईंनीच उघडलं. मला बघून ते बाजूला झाले आणि या म्हणाले. आत खाटेवर त्यांची आई बसलेली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानेही फारसं दिसत नसावं, कारण कोण आलंय म्हणून त्यांनी मान वळवली ती भलत्याच दिशेला.

"अम्मी, या आमच्या वडनेरेबाई," फिरोजभाई म्हणाले. "तुला सांगतो ना, आमच्या मशीनचं डोकं ज्यांनी तयार केलं. त्या."

म्हातारीने हात पुढे करून चाचपडत माझा हात धरला आणि सोडलाच नाही. माझा मुलगा घरी आला की तुमच्या मशीनशिवाय दुसरं बोलत नाही, असं त्या सांगत राहिल्या. ती मशीन डोंगरातल्या पोरांच्या कामी येणार ना, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. फिरोजभाईंची बायको नसीम हिने चहा आणला, चिवडा ताटलीत काढला. मी बसमध्ये मनाशी घोकत आलेली वाक्यं आता तोंडात येईनात.

शेवटी चहाचा कप खाली ठेवून मी म्हणाले, "तिन्ही यंत्रं एक नंबर झाली."

फिरोजभाईंना आश्चर्य वाटलं नाही. किती दिवसांत झाली, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चार. जीपमध्ये उन्हात तापल्या तर तीनच दिवस धरा, असं ते म्हणाले.

"तुम्ही जूनमध्ये मला एक कागद लिहून दिला होता," मी म्हणाले. "बॅटरी उतरली तर सगळी यंत्रं एकच नंबर सांगतील, एका केंद्राची नोंद दुसऱ्यावर चढेल, असं त्यात होतं. तो आराखड्याला जोडून साहेबांकडे पाठवायचा होता."

"हो."

"मी पाठवला नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाठवला असता तर साहेबांनी मला बोलावून विचारलं असतं."

म्हणजे पाच महिने ते रोज माझ्या समोरच्या टेबलावर बसत होते, माझ्याशी कामापुरतं नीट बोलत होते आणि हे त्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली. म्हातारीच्या हातात माझा हात अजून होता आणि तो काढून घेणं बरं दिसलं नसतं. मी माफी मागितली. कशी मागितली, कोणत्या शब्दांत, ते आता आठवत नाही. फिरोजभाईंनी ती ऐकून घेतली, मोठेपणाचं काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, ते झालं, आता करायचं काय ते बोलू.

खटके आता बसवता येतात का, हे मी विचारलं. येत नव्हते. बोर्डावर त्यांच्यासाठी रेषाच ओढलेल्या नव्हत्या. नवे बोर्ड म्हणजे दोन महिने. मी म्हटलं, मग मोठ्या कॉम्प्युटरनेच दर वेळी यंत्रांना नवे नंबर वाटले तर? त्यावर फिरोजभाईंनी आईकडे पाहिलं.

"दवाखान्यात ऑपरेशनच्या दिवशी अम्मीला बिल्ला मिळाला सतरा नंबरचा," ते म्हणाले. "आज पट्टी बदलायला गेलो, तर पाच. अम्मीचं नाव केसपेपरवर आहे, ते बदलत नाही. बिल्ला फक्त त्या दिवसापुरता."

हे सरळ होतं. नोंदी साठवायच्या सिस्टरच्या फ्लॉपीवर केंद्राचं नाव असणारच होतं. नंबर फक्त रांगेत उभं राहायला लागत होता, तो कायमचा कशाला हवा? पण गाडी लगेच अडली. बिल्ला देणाऱ्याला तीन माणसं वेगळी दिसतात. आमची तिन्ही यंत्रं एकसारखी. तोच बोर्ड, तीच चिप, तोच प्रोग्रॅम. एकाने हात पुढे केला की त्याच क्षणी तिघंही करणार.

आम्ही बराच वेळ तिथेच घुटमळलो. नसीम कप उचलायला आली, ऐकत उभी राहिली आणि गेली. फिरोजभाई बोटाने खाटेच्या कडेवर टकटक करत होते. मग ते थांबले.

"यंत्रं सारखी आहेत," ते म्हणाले. "चालवणारे हात तीन आहेत."

मला कळायला दोन क्षण लागले, आणि कळलं तेव्हा मी म्हातारीचा हात घट्ट दाबला असणार, कारण त्या हसल्या. यंत्र सुरू झालं की आत एक आकडा फिरत ठेवायचा, एकपासून अडीचशेपर्यंत, सेकंदाला हजारो वेळा. सिस्टरने कुठलीही कळ दाबली की आकडा थांबला तिथे थांबला. तोच तिचा त्या दिवशीचा बिल्ला. दोन माणसांचं बोट त्याच आकड्यावर पडणं क्वचितच. आणि पडलंच, तर मोठ्या कॉम्प्युटरने एकाच बिल्ल्याचे दोघे पाहून कुणाचीच माहिती घ्यायची नाही, दोघांना पुन्हा कळ दाबायला सांगायचं.

मंगळवारी सकाळी फिरोजभाई रजा मोडून आले. मी ड्रॉवरमधला कागद काढला, ओझरकर साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. काय झालं ते सगळं सांगितलं, काल मी ठीक आहे म्हणाले ते खोटं होतं हेही सांगितलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"हे न सांगता उद्याची चाचणी झाली असती?" त्यांनी विचारलं.

"झाली असती."

मला वाटलं, आता राजीनामा मागतील. त्यांनी फाइल मागवली, कागद स्वतःच्या हाताने आराखड्यात लावला आणि म्हणाले की, पुढच्या बैठकीत हा कागद मी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. संध्याकाळपर्यंत नवी रीत जमली तर उद्या पेठ, नाही तर ते जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलतील. एवढं सांगून त्यांनी मला जायला सांगितलं.

तो दिवस कसा गेला हे माझ्यापेक्षा माझ्या पाठीला जास्त आठवत असेल. आमचा प्रोग्रॅम काचेची इवलीशी खिडकी असलेल्या चिपमध्ये भरलेला असायचा. तो पुसायचा तर चिप वीस मिनिटं जांभळ्या दिव्याखाली ठेवायची, मग नव्याने भरायची. मी लिहायचे, फिरोजभाई भरायचे, यंत्रात बसवायचे. चूक निघायची, पुन्हा वीस मिनिटं. दुपारी तीनला तिन्ही यंत्रं मुकी झाली. साडेचारला मी एक ओळ उलटी लिहिली आहे हे फिरोजभाईंनी पकडलं, प्रोग्रॅमिंग शिकलेले नसताना. त्यांनी मला नुसतं विचारलं की, आकडा थांबायच्या आधीच पाठवला जातोय का? जात होता. सात वाजायच्या आत तिन्ही पडद्यांवर तीन वेगळे आकडे आले, आणि मग आम्ही ते तीसेक वेळा करून पाहिलं.

घरी निघताना फिरोजभाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिन्ही यंत्रांमधल्या त्या लहान बॅटऱ्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. या उद्या न्यायच्या नाहीत, नव्या रीतीला त्या लागत नाहीत, असं ते म्हणाले.

पेठच्या आरोग्य केंद्रात बुधवारी अकराला टेबल मांडलं. जिल्ह्याहून डॉ. बच्छाव आले होते, खडूस म्हणून प्रसिद्ध. यंत्रं चालवायला तिघी सिस्टर होत्या. त्यातल्या यमुना गावित सिस्टर सुरगाण्याच्या बाजूच्या, वयाने मोठ्या, कॉम्प्युटर पहिल्यांदाच बघत होत्या. कुठली कळ दाबू, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. कुठलीही, असं मी तीनदा सांगितलं. शेवटी त्यांनी पदराला बोट पुसलं आणि दाबली.

सत्तेचाळीस, एकशे बारा, दोनशे तीन. तिन्ही केंद्रांची नावं मोठ्या कॉम्प्युटरवर एकाखाली एक आली आणि मागोमाग बाळांच्या नोंदी. डॉक्टरांनी हातातल्या यादीशी एकेक ताडून पाहिली. सगळी होती. ओझरकर साहेबांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

पण डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं. दोघींनी एकदम कळ दाबली तर काय, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, करून बघा.

मग ते स्वतःच एक, दोन, तीन म्हणू लागले आणि सिस्टर तीनला दाबू लागल्या. पाच वेळा, दहा वेळा. दर वेळी वेगळे आकडे. सिस्टरांना गंमत वाटायला लागली, ओसरीवर बाळं घेऊन थांबलेल्या बाया दारात गोळा झाल्या. सतराव्या की अठराव्या वेळी दोन पडद्यांवर एकच आकडा उमटला. एकोणनव्वद, एकोणनव्वद. मोठा कॉम्प्युटर गप्प बसला. मग त्या दोन्ही पडद्यांवर ओळ आली की, कृपया पुन्हा कळ दाबा.

"आता?" गावित सिस्टरांनी विचारलं.

"दाबा," मी म्हणाले.

त्यांनी दाबली, शेजारच्या सिस्टरनेही दाबली. चौदा आणि एकशे साठ. नोंदी आल्या, एकही चुकली नाही, एकही कुणावर चढली नाही.

डॉ. बच्छावांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. मघापर्यंत सगळं बरोबर येत होतं म्हणून मला शंका होती, असं ते म्हणाले. चुकल्यावर हे काय करतं ते आता पाहिलं. चाळीस यंत्रांचं पत्र पुढच्या आठवड्यात निघेल, असं ओझरकर साहेबांना सांगून ते लसीकरणाच्या रांगेकडे गेले. साहेबांनी आमच्या दोघांच्या हातात नुसते चहाचे कप दिले.

परतीच्या जीपमध्ये साहेब पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते आणि लगेच पेंगायला लागले. मागे यंत्रांच्या पेट्या आणि आम्ही दोघं. सावळघाट सुरू झाला, जीप दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत चढत होती. अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती न सांगताही आता चाललं असतं, सगळं पार पडलंच होतं. तरी मी सांगितली.

"फिरोजभाई, सोमवारी मी तुमच्याकडे माफी मागायला आले नव्हते."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"बुधवारपर्यंत गप्प बसा, असं सांगायला आले होते. बसमध्ये सगळं ठरवून आले होते. तुम्ही तुमच्या आईला सांगितलंत की मशीनचं डोकं यांचं, आणि मग ते तोंडातून निघेना."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. दरीच्या बाजूला नाचणीची पिवळी पडलेली शेतं होती. मला वाटलं, हे सांगायला नको होतं.

"बरं झालं, नाही विचारलंत," ते म्हणाले. "अम्मीचं एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. घरात तीन लेकरं आहेत. नोकरी सोडून मी कुठे जाणार?" ते थांबले. "मी हो म्हणालो असतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला आधी हसू फुटलं कोण जाणे, पण पुढे साहेबांना जाग आली इतके आम्ही हसलो. काय झालं, असं साहेबांनी विचारलं. काही नाही, असं फिरोजभाई म्हणाले. मग मी पेटीवर डोकं टेकलं आणि घाट उतरायच्या आत मला झोप लागली, तीन दिवसांत पहिल्यांदाच लागावी तशी.